पाऊण इंच खाली

दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायला लागला, तेव्हा ताईने धाकट्याला फोन केला. "तुझं ते यंत्र आता माझं ऐकत नाही. नवीन आणून ठेवलंय. रविवारी ये आणि सगळं त्यात हलवून दे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. बाबांनी कात्री खाली ठेवली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून शिवणकामाचं दुकान ती एकटीच ओढते आहे. लाडीगोडी लावायला तिला सवड नसते.

धाकटा दुसऱ्या शहरात एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. घरात त्याच्या हुशारीचं कौतुक लहानपणापासून जरा जास्तच झालं होतं आणि ते त्याच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं. रविवारी सकाळी तो अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत शिरला. पुढे कापायचं लांब टेबल, त्याच्या टोकाला कॉम्प्युटर, मागे एक खोली. मागच्या खोलीत खिडकीपाशी बाबा एका जुन्या कोटाचे टाके उसवत बसले होते. ताई त्यांना आता तेवढंच काम देत असे, कारण उसवताना चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

"बाबा, आलो."

बाबांनी मान वर केली. मग शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून वाचली. "रविवारी धाकटा येणार. हं, बरोबर. आलास." चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती परत खिशात ठेवली.

खोलीभर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या. औषधाच्या डबीवर 'सकाळची घेतली', दाराच्या कडीशी 'कडी लावली', चष्म्याच्या घरावर 'चष्मा डोळ्यावर आहे'. ही शेवटची वाचून पूर्वी धाकट्याला हसू आलं होतं. हा माणूस एके काळी दोनशे गिऱ्हाइकांची अंगं डोक्यात घेऊन फिरायचा. रस्त्यात कुणी पाठमोरा दिसला, तर नाव आठवण्याआधी त्यांना त्याचा मुंढा, म्हणजे बाहीच्या जोडाचा घेर, आठवायचा.

"चहा घे आणि लाग कामाला," ताई पुढून ओरडली.

दुकानासाठी गिऱ्हाइकांची मापं ठेवायचा प्रोग्रॅम धाकट्यानेच साडेपाच वर्षांपूर्वी लिहून दिला होता. पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, चार सुट्ट्यांत. त्याआधी बाबांच्या वह्या होत्या, एकतीस. छाती, कंबर, उंची, बाही तर त्यांत होतीच. पण बाबांचा जीव होता उरलेल्या मापांत. छाती-कंबर कुणीही घेतं, असं ते म्हणत. बँकेतल्या बाईंचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब. गायनमास्तरांची श्वास घेतल्यावरची छाती निराळी. बस चालवणाऱ्याचं बसल्यावरचं पोट निराळं. आणि वकीलसाहेबांचा डावा खांदा पाऊण इंच खाली. तेवढं सांभाळून कोट बेतला, तर वकीलसाहेब कोर्टात ताठ उभे दिसत. त्यांचा खांदा पडलेला आहे हे त्यांच्या बायकोखालोखाल फक्त बाबांना ठाऊक होतं.

धाकट्याने मापांसाठी दहा रकाने केले होते. बाबांनी चष्मा सरसावून पडदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "यात वकीलसाहेबांचा खांदा कुठे लिहायचा?"

इथे घोडं अडलं. गिऱ्हाइकागणिक एक एक नवा रकाना करत बसायला धाकट्याला वेळ नव्हता. पण पीएचपीत यावर एक उपाय आहे. एखाद्या वस्तूवर आपण असा गुणधर्म लिहायला गेलो, की जो तिच्यात नाहीच, तर ती भाषा आपणहून __set नावाची मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, हाकारते आणि विचारते, बाई गं, हे आलंय, याचं काय करू? तसंच नसलेलं काही वाचायला गेलो की __get. आपणहून हाकारल्या जातात म्हणून यांना जादूच्या मेथड म्हणतात. धाकट्याने __set लिहिली आणि तिला सांगितलं, जे येईल ते निमूट घे आणि 'इतर' नावाच्या पिशवीत टाक. __get ला सांगितलं, कुणी मागितलं तर पिशवीतून काढून दाखव.

"आता काहीही टाका, बाबा. हा नाही म्हणणार नाही," तो म्हणाला.

बाबांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधून 'डावा खांदा' लिहिलं, पुढच्या चौकटीत 'पाऊण इंच खाली', आणि 'साठवा' दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'साठवलं' असं आलं आणि खाली यादीत डावा खांदा दिसला. बाबा इतके खूश झाले, की त्यांनी मशीनवरून ताईला उठवून आणून दाखवलं. धाकट्याची पाचची बस होती. निघताना तो म्हणाला, "आता त्या वह्या कशाला ठेवता? नुसती धूळ." दोन महिन्यांनी बाबांनी एकतीसच्या एकतीस वह्या रद्दीवाल्याला दिल्या.

हे सगळं धाकट्याला त्या रविवारी तसं आठवत नव्हतं. तो शीळ घालत जुन्या यंत्रातल्या फायली बघत होता. काही न्यायच्या, काही टाकायच्या. पानं उघडून देणाऱ्या सर्व्हरच्या नोंदींची एक भलीमोठी फाईल होती. पहिल्या दिवसापासून कोणतं पान किती वाजता उघडलं, याची ओळ न् ओळ तिच्यात होती. ती टाकायच्या ढिगात गेली. मग त्याने स्वतःचा जुना कोड उघडला. आपला पाच वर्षांपूर्वीचा कोड बघताना कुठल्याही प्रोग्रॅमरला थोडी लाज वाटतेच, त्यामुळे सुरुवातीला तो स्वतःशी हसत होता.

__set होती. पिशवी होती. __get होती. खाली साठवण्याची मेथड होती. ती दहा रकाने घेई, डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे कायमच्या तक्त्यात, लिही आणि संपे. पिशवीला ती हातही लावत नव्हती. तिच्या डोक्यावर त्याच्याच हातची एक टीप होती. 'नंतर: इतर मापं वेगळ्या टेबलात टाकायची.'

धाकट्याची शीळ थांबली.

त्याने ती मेथड तीनदा वाचली. जे घातलं ते त्याच पानावर लगेच दिसत होतं, कारण पिशवी तेव्हा भरलेली असे. पान मिटलं की पिशवी रिकामी. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाचं पान उघडलं, की दहा रकाने तेवढे परत येत. ना लाल अक्षर, ना कसली तक्रार. त्या दिवशी त्याची पाचची बस होती, आणि 'नंतर' म्हटलेलं ते कधी आलंच नाही.

"ताई, बाबांनी घातलेली ती वेगळी मापं..."

"कुठली?" ताई काज करत होती, तिने मान वर केली नाही. "त्यात काही नाही. बाबा म्हणायचे टाकलीत, टाकलीत. मी उघडून बघितलं तर रिकामं. तेव्हाच तर आपल्याला कळलं ना त्यांचं."

बाबांचं काय कळलं, हे तिने सांगायची गरज नव्हती. धाकट्याला तो पहिला फोन आठवला. प्रोग्रॅम देऊन तीनेक महिने झाले होते. "अरे, मी काल बँकेतल्या बाईंचा हात लिहिला होता. आज दिसत नाही." धाकटा मीटिंगला निघाला होता. "'साठवा' दाबायचं राहिलं असेल, बाबा." बाबा म्हणाले, "दाबलं होतं रे." मग स्वतःच म्हणाले, "असेल, राहिलं असेल."

दुसरा फोन त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. तेव्हा धाकटा वैतागला होता. त्याचं स्वतःचं काहीतरी चाललं होतं, काय ते आता त्याला आठवतसुद्धा नव्हतं. तो म्हणाला होता, "बाबा, यंत्र विसरत नाही. माणूस विसरतो." बोलता बोलता तो जिना उतरत होता. खाली पोचण्याआधीच त्याने फोन ठेवला.

तिसरा फोन आला नाही. नंतर वकीलसाहेबांचा कोट बिघडला. नवा काळा कोट अंगात घातल्यावर वकीलसाहेब आरशासमोर एका बाजूला कलंडल्यासारखे दिसले. ते भले गृहस्थ, चालेल म्हणाले, पण बाबांनी तो कोट स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातून काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी कात्री ताईच्या पुढ्यात ठेवली. "माझं डोकं आता माझं राहिलं नाही," असं म्हणाले. डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. पण बाबांचा विश्वास बसला नाही, आणि धाकट्यानेही ताईला बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्यांचं वय झालंय. आता जपायला हवं."

धाकट्याने फॉर्मचा कोडही उघडून बघितला. मग त्याला त्या मोठ्या फाईलची आठवण झाली.

त्याने तेव्हा आणखी एक आळस केला होता. फॉर्ममधली माहिती झाकून पाठवायची सोडून त्याने ती उघडी, पानाच्या पत्त्यातच जोडून पाठवली होती. चाचणी करताना सोपं पडतं म्हणून. पुढे बदलू म्हणाला होता, तेही राहिलं होतं. आणि पत्ता म्हटला की सर्व्हर तो जसाच्या तसा नोंदवहीत उतरवतो. एका आळसाने जे गिळलं, ते दुसऱ्याने जपून ठेवलं असणार.

टाकायच्या ढिगातून त्याने ती फाईल परत काढली. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, ओळी गाळल्या, पत्त्यात टक्केचिन्हं आणि आकडे होऊन बसलेली मराठी अक्षरं सोडवली आणि गिऱ्हाइकाप्रमाणे लावली. पडद्यावर बाबा उतरायला लागले. बँकेतल्या बाई, उजवा हात, बोटभर लांब. गायनमास्तर, श्वास घेतल्यावर. दोनशे गिऱ्हाइकं होती. त्याला क्षणभर इतकं हलकं वाटलं, की तो ताईला हाक मारणार होता. सगळं आहे गं, काहीसुद्धा गेलं नाही!

मग त्याचं लक्ष तारखांकडे गेलं.

एकेक माप एकदाच लिहिलेलं नव्हतं. बँकेतल्या बाईंचा हात पाच वेळा होता. वकीलसाहेबांचा डावा खांदा चौदा महिन्यांत सात वेळा होता. बाबा लिहीत, पुढच्या खेपेला रिकामं दिसे, त्यांना वाटे आपण विसरलो, आणि ते गुपचूप पुन्हा लिहीत. पहिल्या दोन नोंदी वह्या घरात असतानाच्या. पुढच्या पाच वह्या रद्दीत गेल्यानंतरच्या, म्हणजे निव्वळ डोक्यातून काढलेल्या. आणि सातही ठिकाणी एकच माप होतं. पाऊण इंच खाली. कधी अर्धा नाही, कधी एक नाही.

ज्या दिवशी वकीलसाहेबांचा कोट बेतला, त्या दिवसाच्या ओळीही होत्या. त्या दुपारी बाबांनी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी वकीलसाहेबांचं पान फक्त उघडलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी. दोन चौदाला परत. दोन तेवीसला परत. दोन चाळीसला परत. खांदा पडलेला आहे असं हात सांगत असणार, आणि पडद्यावर खांद्याचं नाव नाही. दोन चाळीसनंतर त्यांनी यंत्राचं ऐकलं आणि कापड सरळ कापलं.

धाकटा टेबलावर कोपरं टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. ताई उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. त्याने तिला सांगितलं. सांगताना त्याने स्वतःला पाठीशी घातलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

ताई पडद्यावरच्या सात ओळी बघत राहिली. "म्हणजे ते विसरत नव्हते."

"नाही."

"मी त्यांच्या हातातून दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या," ती म्हणाली. "गॅसपाशी जाऊ देत नाही. गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणते, बाबा तुम्ही बसा, तुमच्या लक्षात राहणार नाही. चार वर्षं म्हणतेय मी!" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तू म्हणाला होतास, जपायला हवं. जपलं बघ मी."

धाकट्याने ते पान छापून घेतलं. ताईने शटर खाली ओढलं आणि दोघं मागच्या खोलीत गेले.

बाबा अजून उसवतच होते. धाकटा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "बाबा, प्रोग्रॅममध्ये चूक होती. माझी. तुम्ही जे लिहायचात ते तो घ्यायचा, साठवलं म्हणायचा आणि टाकून द्यायचा. मी पुढे बघतो म्हणालो आणि बघितलंच नाही. तुम्ही कधीच विसरला नव्हता."

बाबांनी कागद हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत ते वाचत गेले. बोट एकही ओळ चुकत नव्हतं.

"सातही वेळा पाऊण?"

"सातही वेळा."

"कोट कापला त्या दिवशी मला पाऊण वाटत होतं," बाबा म्हणाले. "पडद्यावर नव्हतं म्हणून मी... म्हटलं, दुसऱ्या कुणाचा खांदा असेल. आपणच त्यांच्या अंगावर घालतोय." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"हो, बाबा."

"तू फोनवर काय म्हणाला होतास, आठवतं?"

धाकट्याला वाटलं, नाही म्हणावं. "आठवतं," तो म्हणाला.

"मलाही आठवतं."

बाबा रागावले नाहीत, तेच त्याला सहन होईना. शिव्या घातल्या असत्या, कागद तोंडावर फेकला असता, तर त्याने बरं मानलं असतं. त्याला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. पण बाबा स्टुलावरून उठले होते. कितीतरी दिवसांत कुणी त्यांना असं तडक उठताना बघितलं नव्हतं. त्यांनी गळ्याभोवती टेप टाकली, मशीनच्या खणातून खडू काढला आणि ताईकडे वळले.

"काळं कापड आहे का? चांगलं, कोर्टाचं?"

"आहे, बाबा." ताई रडत होती आणि हसतही होती.

"मग तोच कोट नव्याने करायचा. शिवणावळ घ्यायची नाही, चूक आपली आहे. माप मात्र परत घ्यावं लागेल, चार वर्षांत अंग बदलतं. लाव फोन," ते धाकट्याला म्हणाले. "वकीलसाहेबांना म्हणावं, टेलरमास्तरांनी बोलावलंय. त्यांना भेटून किती दिवस झाले."

ताईचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने धाकट्याकडे बघितलं.

वकीलसाहेब मागच्या वर्षी वारले होते. शेवटच्या निरोपाला तिघंही गेले होते, धाकटा मुद्दाम रजा काढून आला होता. बाबा सगळ्यांत पुढे उभे होते. परत येताना सबंध रस्ताभर ते त्या खांद्याबद्दलच बोलत होते. नीट कोट न मिळताच गेले बिचारे, असं दोनदा म्हणाले होते.

धाकटा तोंड उघडून बसला होता. बाबा, तुम्ही विसरलात. तीनच तर शब्द. खोटे होते तेव्हा याच अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून किती सहज गेले होते, एका हातात फोन धरून जिना उतरता उतरता. आज खरे होते, तर त्याला ते उच्चारता येत नव्हते. आणि हे विसरणं वयाने आलं, की चार वर्षं एकदाही आठवायची वेळ कुणी येऊ दिली नाही म्हणून आलं, हे सांगणारी कुठली फाईल त्याच्याकडे नव्हती.

"लावतोस ना?" बाबांनी विचारलं.

"आज रविवार आहे, बाबा," तो म्हणाला. "नंतर लावू."

"हं. तेही खरं." बाबांनी खिशातून चिठ्ठी काढली. 'रविवारी धाकटा येणार' ही ओळ त्यांनी नीट खोडली. मग मशीनच्या फळीवर कागद ठेवून खडू बाजूला सारला, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'वकीलसाहेबांना फोन'. त्याच्यापुढे, कुणी न विचारता, 'डावा खांदा पाऊण इंच खाली'. चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि वरून एकदा थोपटली.